एजन्सीच्या पेरोलवर चाकणला जॉइन होताय? मग हे सगळं आधी बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरकडचा मुलगा, डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत जॉब मिळतोय पण लेटर कंपनीचं नाही, एजन्सीचं आहे. पगार १८ हजार सांगितलाय, एजन्सीचा माणूस म्हणतोय सहा महिन्यांनी कंपनी रोलवर घेतील, आणि घरचे म्हणतायत कंत्राटी आहे, नको जाऊ. तर जावं का?

जा. पण सहा महिन्यांनी पर्मनंट होणार हे आत्तापासूनच डोक्यातून काढून टाक आणि मग हिशोब कर, की पर्मनंट कधीच नाही झालो तरी हा जॉब वर्षभर करण्यासारखा आहे का. उत्तर हो असेल तर बिनधास्त जॉइन हो. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, आधी एजन्सीच्या बाजूने पेरोल सांभाळला आणि आता कंपन्यांच्या बाजूने एजन्सीचे कागद तपासतो, त्यामुळे दोन्हीकडचं आतलं माहितीये. एजन्सीतून लागलेली किती तरी पोरं आज चांगल्या ठिकाणी आहेत, आणि एजन्सीत वर्षं घालवून पीएफच्या नावाने शून्य हातात आलेलीपण बघितलीत. दोघांच्यात हुशारीचा फरक नव्हता. पहिल्यांनी दर महिन्याला आपल्या नावावर काय जमा झालं ते बघितलं, दुसऱ्यांनी एजन्सीच्या माणसाच्या शब्दावर सोडलं, एवढंच.

आधी हे समजून घे की तू कोणाचा माणूस आहेस. काम कंपनीचं, सुपरवायझर बऱ्याचदा कंपनीचा, गेटपासवर कंपनीचं नाव, पण कायद्याने तुझा मालक एजन्सी. पगार एजन्सी देणार, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) एजन्सी भरणार, काढायचं झालं तरी एजन्सीच काढणार. कंपनीला कायद्यात मुख्य मालक म्हणतात आणि तिच्यावरही जबाबदारी असते. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा वेगळा कायदा होता, त्यातच होतं की कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने द्यायचा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यातही ही जबाबदारी कायम ठेवलीये. त्यामुळे "कंपनीचं पेमेंट आलं नाही म्हणून पगार लेट" हे एजन्सीने सांगितलं तर ते तुझं दुखणं नाहीये, तो त्या दोघांचा आपसातला व्यवहार आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आला पाहिजे.

आता १८ हजारांचं बघू, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. एजन्सीवाला १८ हजार म्हणाला की पहिला प्रश्न हा विचार की हे सीटीसी (तुझ्यावर होणारा एकूण खर्च) आहे, ग्रॉस (कटिंगच्या आधीचा पगार) आहे का हातात येणारे आहेत. फोनवर कोणी नीट सांगत नाही, लेटरच्या मागे पगाराचं पान जोडलेलं असतं ते माग. मी एक उदाहरण मांडून दाखवतो. समज ग्रॉस १५,००० आहे आणि पूर्ण रकमेवर पीएफ कापतायत. एजन्सीने स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, त्यावर इन्शुरन्स आणि ऍडमिन चार्जेस मिळून अजून १ टक्का म्हणजे १५०, मालकाच्या हिश्श्याचा ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८, आणि बोनस ८.३३ टक्के, तो ७ हजारांवर धरला तर ५८३. सगळी बेरीज कर, १८,०२१ होतात. हे झाले तुझे "१८ हजार". आता ग्रॉस १५,००० मधून तुझा पीएफ १,८०० गेला, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११३ गेले, प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, हातात राहिले १२,८८७. त्यातून कॅन्टीन आणि बसचं कटिंग असेल तर ते वेगळंच. यात फसवणूक झाली असं नाही, सीटीसी म्हणून आकडा बरोबर आहे, पण कुरुळी नाहीतर निघोजेला रूम घेऊन राहायचं, मेस लावायची, घरी पैसे पाठवायचे, तर हिशोब १८ चा नाही साडेबारा-तेराचा करायला पाहिजे. जॉइन व्हायच्या आधी हे कळलं तर माणूस नीट ठरवतो, पहिल्या पगाराला कळलं की डोकं फिरतं आणि मग पोरं आठवड्यात सोडून गावी जातात.

त्या बोनसचं अजून एक सांगतो. २०१५ च्या दुरुस्तीपासून नियम असा आहे की ७ हजार किंवा तुझ्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल त्यावर बोनस काढायचा. बऱ्याच एजन्सी अजून सरळ ७ हजारच धरतात. वर्षभराचा फरक छोटा नसतो, त्यामुळे पगाराच्या पानावर बोनस कशावर काढलाय ते विचार. आणि बोनस दर महिन्याच्या पगारात देतात का दिवाळीला एकदम, हे लेटरवर लिहून घे, कारण दिवाळीच्या आधी सोडलं की "तुझा बोनस नाही" असं तोंडावर सांगतात, तर ते खरं नाहीये, वर्षात ३० दिवस काम भरलं असेल तर केलेल्या कामाच्या प्रमाणात बोनस निघतो.

ताई कोणी वाचत असतील तर, महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही. २०२३ पासून आहे हे. तरी स्लिपवर २०० कट दिसतोय असं मी बघितलंय, कारण सॉफ्टवेअरमधे जेंडर चुकीचं पडलेलं असतं. सांगितलं की लगेच सुधारतात, पण सांगावं लागतं.

पीएफबद्दल मी जरा जास्तच लिहिणारे कारण तुझी खरी शिल्लक ती आहे. पहिली गोष्ट, यूएएन म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, तो एकच ठेवायचा. आधी कुठे महिनाभर जरी काम केलं असेल आणि पीएफ कटला असेल तर तुझा यूएएन तयार झालेला आहे, तो जॉइनिंगच्या फॉर्ममधे लिही. पोरं "आधी काम केलंय सांगितलं तर घेणार नाहीत" म्हणून नाही म्हणून टिक करतात, मग कधी दुसरा यूएएन निघतो आणि पुढे दोन्ही जोडताना जीव जातो. दुसरी गोष्ट, नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, आणि एजन्सीचा डेटा भरणारा पोरगा समोर जो कागद येईल त्यावरून टाईप करतो. आधारवर जसं आहे तसंच पीएफला पाहिजे, एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी पैसे काढताना क्लेम रिजेक्ट होतो आणि तोपर्यंत ती एजन्सी कंपनीतून गेलेली असते, फोन कोण उचलणार. म्हणून जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात उमंग ऍपवर किंवा पीएफच्या साईटवर लॉगिन करून नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव बघून घे. एजन्सी चालू असताना दुरुस्ती होते.

तिसरी गोष्ट पासबुक. जून महिन्याचा पीएफ एजन्सीने १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, म्हणजे जुलैच्या शेवटी पासबुकात दिसला पाहिजे. पहिल्या महिन्यात थोडं मागेपुढे होतं, पण दोन महिने झाले आणि पासबुक कोरं, तर समजायचं काहीतरी गडबड आहे. आणि एक गैरसमज काढतो. पासबुकात तुझे १,८०० दिसतात आणि मालकाच्या रकान्यात फक्त ५५०, मग पोरं म्हणतात एजन्सीने बाराशे पन्नास खाल्ले. खाल्ले नाहीत, मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनमधे जातात, १५ हजारांवर १,२५०, ते शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात दिसतात. तिन्ही रकाने बघायचे.

आता समजा नाहीच भरला. तर काय करायचं, इथं मी आतली गोष्ट सांगतो जी बाहेर फारशी माहीत नसते. एजन्सी दर महिन्याला कंपनीला बिल देते, त्यात तुमचे पगार, पीएफ-ईएसआय, एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि वरून १८ टक्के जीएसटी असतो. बऱ्यापैकी सगळ्या मोठ्या कंपन्या ते बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याच्या पीएफ-ईएसआयचं चलन (पैसे भरल्याची पावती) आणि नावांची यादी मागतात, कारण एजन्सीने नाही भरलं तर उद्या कंपनीच्या गळ्यात येतं. माझं रोजचं काम हेच, ती यादी हजेरीशी जुळवायची. आणि तिथंच पकडलं जातं की हजेरीला एवढी माणसं आहेत आणि पीएफच्या यादीत नावं कमी आहेत. म्हणजे चलन खरं असतं, शिक्का खरा असतो, फक्त त्यात तुझं नाव नसतं. त्यामुळे एजन्सीने "हे बघ चलन भरलंय" असं व्हॉट्सऍपवर पाठवलं तर त्यावर समाधान मानू नको, यादीतलं तुझ्या नावाचं पान माग. देत नसतील तर कंपनीच्या एचआरला साधा दोन ओळींचा मेल टाक, मी अमुक एजन्सीकडून तुमच्या अमुक शॉपमधे (विभागात) अमुक तारखेपासून काम करतो, दोन महिन्यांचा पीएफ जमा दिसत नाही, पासबुकाचा फोटो जोडलाय. बस. भांडण नाही, धमकी नाही. एजन्सीचं बिल अडकलं की तुझा पीएफ आठवड्यात भरला जातो, मी असं होताना पुष्कळदा बघितलंय. त्यानेही नाही झालं तर पीएफच्या ऑनलाईन तक्रार पोर्टलवर टाक, आणि प्रत्यक्ष जायचं तर पिंपरी-चिंचवड-चाकण बाजूच्या आस्थापनांचं काम आकुर्डीच्या पीएफ ऑफिसातून चालतं, पुणे शहराच्या बाजूचं कॅम्पात गोळीबार मैदानाजवळच्या ऑफिसातून. एजन्सी कुठे रजिस्टर आहे त्यावर ठरतं, कंपनी कुठे आहे त्यावर नाही, हे लक्षात ठेव नाहीतर उगाच चकरा होतात.

ईएसआय हा पोरांना सगळ्यात फालतू कट वाटतो, "मी कुठे आजारी पडतोय" म्हणून. ११३ रुपये जातात फक्त पण त्याची किंमत मशीनवर काम करणाऱ्याला कळते. एका प्रेस शॉपमधे नवीन आलेल्या पोराचं बोट प्रेसमधे गेलं, जॉइन होऊन आठवडाही झाला नव्हता, सकाळच्या शिफ्टला. एजन्सीने त्याचा ईएसआय नंबर काढलाच नव्हता, "महिनाअखेर सगळ्यांचे एकदम काढतो" ही त्यांची पद्धत. अपघात झाल्यावर धावपळ करून दुपारी नंबर काढला. झालं, नंबरची तारीख आणि वेळ अपघाताच्या नंतरची, त्यामुळे चौकशी लागली, हजेरीचं रजिस्टर, गेटची एंट्री, सगळं मागवलं आणि त्या पोराचे पैसे महिनोनमहिने लटकले, तेव्हा बोटाला बँडेज बांधून तो आमच्या टेबलासमोर बसायचा. नियम असा आहे की जॉइन झाल्यापासून १० दिवसांत नोंदणी करायची, पण तू दहा दिवस वाट बघू नको. मशीनवर उभं राहायच्या आधी विचार, "माझा ईएसआय नंबर काय आलाय?" तो मोबाईलमधे सेव्ह कर आणि घरी पण पाठवून ठेव. कामावर अपघात झाला तर ईएसआयकडून उपचाराचा खर्च येतोच, शिवाय कामावर जाता येत नाही तेवढ्या दिवसांचे रोजंदारीच्या ९० टक्के पैसे मिळतात, आणि त्याला किती महिने नोकरी झाली ही अट नाही. आपल्याकडे चिंचवडला मोहननगरमधे आणि इकडे बिबवेवाडीला ईएसआयची हॉस्पिटल्स आहेत. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर हे लागू आहे. आणि सुपरवायझर म्हणाला की "बाहेरच बाहेर दाखवून घेऊ, घरी पडलो असं सांग", तर ऐकायचं नाही. ते एकदा लिहिलं गेलं की तुझा हक्क गेला.

लेटर हातात आलं की अजून एक बघ, त्यात तू एम्प्लॉई आहेस, ट्रेनी आहेस का अप्रेंटिस. एजन्सीमार्फत अप्रेंटिस म्हणूनही भरती होते आणि काम तेच, लाईन तीच, शिफ्ट तीच. पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंद झालेल्या मुलाला कायदा कामगार धरत नाही, शिकाऊ धरतो, पगाराऐवजी स्टायपेंड असतो आणि पीएफ-ईएसआय लागू नसतो. शिकायचंय आणि सर्टिफिकेट मिळतंय तर अप्रेंटिस वाईट नाही, डिप्लोमावाल्याला तर उपयोगीच, पण तसं असेल तर कराराचा रजिस्ट्रेशन नंबर माग. नंबर नाही, नुसतं "ट्रेनी" लिहिलंय आणि पीएफपण नाही, तर तिथं जाऊ नको. हे मी ठामपणे सांगतोय.

पैसे मागितले तरी जाऊ नको. चाकणच्या तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात, भोसरीत खांबाखांबावर "त्वरित भरती, राहणे-जेवण फ्री" चिकटवलेलं असतं, फोन केला की ऑफिसला बोलावतात आणि रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, गेटपास असं काही ना काही नाव देऊन हजार-दोन हजार घेतात. खऱ्या एजन्सीला पैसे कंपनी देते, कॅंडिडेटकडून घ्यायची तिला गरजच नसते. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल समोर दाखवून परत घ्यायची. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही नाही, तो कागद पुढे राजीनामा होतो.

पर्मनंटचं आता. घेतात का? घेतात, काहींना घेतात. पण तो निर्णय एजन्सीच्या हातात अजिबात नसतो, त्यामुळे एजन्सीच्या माणसाने दिलेल्या शब्दाला काही वजन नाही. कंपनीत जागा निघाली पाहिजे, हेडऑफिसने मंजुरी दिली पाहिजे, आणि शॉपच्या माणसाने तुझं नाव सुचवलं पाहिजे. उलट बऱ्याच ठिकाणी २४० दिवस (तेवढे भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं) भरत आले की "ब्रेक" देतात, म्हणजे काही दिवस घरी बसवून परत घेतात, नाहीतर कागदावर दुसऱ्या एजन्सीत टाकतात, माणूस तोच, मशीन तेच, लेटरवरचं नाव बदललं. आणि कोर्टाच्या भरवशावर पण राहू नये, २००१ साली सुप्रीम कोर्टाने सेल (स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया) या सरकारी कंपनीच्या खटल्यात सांगितलंय की कंत्राटी पद्धत बंद केली तरी ते कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, कंत्राट नुसतं नावापुरतं होतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. मला स्वतःला ही पद्धत बरोबर वाटत नाही. जे काम बारा महिने चालतं, ज्याच्याशिवाय लाईन बंद पडते, तिथं माणूस अकरा महिन्यांचा का? याच पुण्यात मार्केट यार्डातल्या हमालांचे मालक दिवसाला दहा बदलायचे, तरी बाबा आढावांसारख्या माणसांनी हमाल पंचायत उभी करून लढा दिला आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मंडळामार्फत पीएफ, बोनस हमालाच्या नावावर जमा व्हायला लागला. म्हणजे मालक बदलला तरी माणसाचा हक्क टिकवता येतो, करायचं ठरवलं तर. पण ते व्हायचं तेव्हा होईल, तू आत्ता जॉइन होतोयस.

म्हणून एजन्सी बदलली की काय करायचं ते सांगतो. जुन्या एजन्सीकडून फुल अँड फायनल घे, त्या चार कोडपैकी वेज कोडप्रमाणे काम सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांच्या आत हिशोब द्यायचा असतो. जुना पीएफ काढून खाऊ नको, नवीन खात्यात ट्रान्सफर कर, कारण पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी लागते आणि तुकडे जोडले तरच ती भरते. लेटरवर ठराविक मुदत लिहिलेली असेल, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, तर नवीन कोडमधे अशा मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युईटीला (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) पाच वर्षांची अट नाहीये, वर्षभर भरलं तरी मिळते. म्हणून प्रत्येक एजन्सीचं लेटर जपून ठेव, फोटो काढून स्वतःच्याच मेलवर पाठव.

ओटीचं (ओव्हरटाईम) थोडक्यात, ओटी डबल रेटने असतो. सिंगल देतायत का डबल ते स्लिपवर बघ, आणि किती तास थांबलास ते रोज मोबाईलमधे लिही, कारण पंचिंगचा डेटा कंपनीकडे असतो, एजन्सीकडे फक्त शीट येते आणि मधे खाडे पण वाढतात आणि तास पण गळतात.

हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांचे पण प्रश्न येतात म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. थर्ड पार्टी पेरोलवर घेताना काही एजन्सी तुम्हाला कन्सल्टंट दाखवतात, पगाराऐवजी फी म्हणून १० टक्के टीडीएस कापतात, पीएफ नाही, रजा नाही. आकडा मोठा दिसतो पण आतून रिकामा असतो, तुलना करताना पीएफ, इन्शुरन्स, रजा सगळं वजा करून बघा. आणि नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का बघा, एजन्सीला सात दिवस आणि तुम्हाला नव्वद असेल तर सही करायच्या आधी बोला.

सोडताना. गेटपास, शूज, लॉकरची चावी जे काय दिलं असेल ते परत केल्याची सही कागदावर घे, कारण शेवटच्या पगारातून याच नावाने पैसे कापतात. रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर एजन्सीचंच मिळणार, त्यात कुठल्या कंपनीत आणि कुठल्या मशीनवर काम केलं ते लिहून माग, बरेच जण देतात, पुढच्या इंटरव्ह्यूला तेच कामाला येतं. आणि पीएफवर सोडल्याची तारीख एजन्सीने टाकायची असते, नाही टाकली तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने थांबून तू स्वतः यूएएनच्या लॉगिनमधून टाकू शकतोस, आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, त्यामुळे पुण्यात येऊन नवीन सिम घेतलंस तरी तो जुना नंबर बंद पडू देऊ नको, नाहीतर आधी आधार सेंटरला जाऊन नवीन नंबर लावून घे.